अन्नव्यवसायातील स्त्री-नेतृत्व आणि समाजदायित्व : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

स्वयंपाक हे स्त्रीचे काम आणि उपाहारगृह हा पुरुषाचा व्यवसाय, अशी एक विभागणी महाराष्ट्रीय समाजाने दीर्घकाळ गृहीत धरलेली आहे. घरातील चूल स्त्रीच्या हाती असते. मात्र तीच चूल रस्त्यावर येऊन गल्ला सुरू झाला की गल्ल्यावर पुरुष बसतो. पुणे-सातारा महामार्गावरून कापूरहोळमार्गे भोरकडे वळताना, अथवा नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस जी उपाहारगृहे दिसतात त्यांच्या भटारखान्यात स्त्रिया मोठ्या संख्येने आढळतात. भाकरी थापणे, भाजी निवडणे, भांडी घासणे ही कामे त्यांच्याकडे असतात. मालकीच्या कागदावर त्यांचे नाव क्वचितच असते. अलीकडच्या काळात काही उपाहारगृह-साखळ्यांच्या मालकांनी ‘स्त्री-नेतृत्व’ आणि ‘समाजाला परत देणे’ या दोन गोष्टी आपल्या व्यवसायाची ओळख म्हणून पुढे मांडल्या आहेत. ही मांडणी नेमकी काय आहे, महाराष्ट्रात तिची पूर्वपीठिका कोणती आणि भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागात तिचा कोणता अर्थ संभवतो, हे उलगडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

फ्रँचायझी : संकल्पना व स्वरूप

फ्रँचायझी म्हणजे नाव आणि पद्धती भाड्याने घेऊन केलेला व्यवसाय. मूळ मालकाकडे नाव, बोधचिन्ह, पाककृती आणि काम करण्याची ठरलेली रीत असते. शाखा चालविणारा स्वतःचे भांडवल घालतो, जागा मिळवितो, माणसे नेमतो आणि त्या नावाखाली विक्री करतो. त्या बदल्यात तो सुरुवातीस ठरावीक शुल्क व पुढे विक्रीवरील ठरावीक टक्केवारी मूळ मालकास देतो. पुष्कळदा मसाले अथवा अर्धवट तयार झालेला माल मूळ मालकाकडूनच घेण्याची अट असते. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांच्या आधारेच हे व्यवहार चालतात. त्यामुळे करारात जे लिहिले असेल तेच शाखाचालकाच्या वाट्याला येते. करार वाचून समजून घेण्याची ताकद ज्याच्याकडे कमी, त्याचा धोका अधिक, हे ओघानेच आले.

या पद्धतीत समाजकार्याचा प्रवेशही जुनाच आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९७४ मध्ये आजारी मुलांच्या पालकांसाठी रुग्णालयाजवळ निवासगृह उभे राहिले. त्यास मॅकडोनाल्ड्सच्या तेथील स्थानिक फ्रँचायझीधारकांनी हातभार लावला आणि पुढे ‘रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस’ या नावाने तो उपक्रम अनेक देशांत पसरला. शाखाचालक गावातलाच असल्याने गावाची गरज त्याला दिसते आणि कंपनीचे नाव मोठे असल्याने देणगीला वजन येते, असा हा मेळ आहे. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण झाला तरच हे बंधन लागू होते. एकदोन शाखा चालविणारा उपाहारगृहमालक त्यात बसत नाही. त्याचे दान ऐच्छिक असते. म्हणूनच त्या दानामागील भूमिका तपासणे अधिक आवश्यक ठरते.

मराठी उपाहारगृहांच्या क्षेत्रात या संदर्भात सर्वप्रथम आठवणारे नाव जयंती कठाळे यांचे होय. मूळच्या नागपूरच्या आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरीत असलेल्या कठाळे यांनी बंगळूर येथे ‘पूर्णब्रह्म’ हे महाराष्ट्रीय शाकाहारी उपाहारगृह सुरू केले व फ्रँचायझी पद्धतीने त्याचा विस्तार हाती घेतला. स्वयंपाकापासून वाढपापर्यंत स्त्रियांना अग्रक्रम, नऊवारी साडीतील कर्मचारी, पारंपरिक बैठक आणि ताट पूर्ण संपविणाऱ्यास देयकात सवलत ही त्यांच्या उपाहारगृहाची वैशिष्ट्ये वृत्तपत्रांतून गाजली. घरगुती पाककौशल्याला व्यावसायिक प्रतिष्ठा मिळवून देण्याचा हा प्रयत्न निश्चितच दखल घेण्याजोगा आहे. तथापि येथे एक प्रश्न उरतो. नऊवारी साडी ही ओळख झाली, नेतृत्व नव्हे. खरेदी कोण ठरविते, गल्ल्याची किल्ली कोणाकडे असते आणि तोटा झाल्यास शाखा बंद करण्याचा निर्णय कोण घेते, यांवरून नेतृत्वाची परीक्षा होते. ही कसोटी कोणत्याही एका उपाहारगृहापुरती नाही. स्त्री-नेतृत्वाचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक साखळीस ती लावावी लागेल.

खाणावळवाल्यांची संघटना

या कसोटीवर पाहता महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण उपाहारगृहाचे नसून खाणावळीचे आहे. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून व कोकणातून आलेले हजारो कामगार कुटुंब गावी ठेवून राहत. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्या एका खोलीत चूल मांडून बसलेल्या खाणावळवाल्या बाई करीत. यांतील अनेकजणी विधवा, परित्यक्ता अथवा नोकरी सुटलेल्या कामगारांच्या पत्नी होत्या. अन्न विकणे हे आपल्या परंपरेत कमीपणाचे मानले गेले आहे. अन्नदान पुण्याचे आणि अन्नविक्रय हलका. कदाचित त्यामुळेच या स्त्रियांच्या श्रमाची नोंद दीर्घकाळ ना उद्योग म्हणून झाली, ना नोकरी म्हणून.

त्यांच्या अडचणीचे मूळ व्यवहाराच्या रचनेतच होते. कामगाराचा पगार महिन्याला होई आणि त्यानंतर तो खाणावळीचे पैसे देई. बाईंना मात्र धान्य, तेल, रॉकेल रोज लागे. हा महिन्याचा खड्डा वाण्याच्या उधारीने अथवा सावकाराच्या कर्जाने भरला जाई. वाणी उधारीवर जादा भाव लावी आणि सावकार जबर व्याज घेई. म्हणजे धंदा चालत असूनही बाई कर्जातच राहत. अर्थशास्त्राच्या भाषेत ही खेळत्या भांडवलाची समस्या होती. स्वयंपाकाच्या कौशल्याची नव्हे. त्यातच गिरण्यांत संप झाला की येणे थांबे, तरीही या स्त्रिया संपकऱ्यांना जेऊ घालीत राहत.

ही गोष्ट प्रेमा पुरव यांच्या लक्षात आली. गोव्यातून आलेल्या, किशोरवयातच गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत डाव्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंनी १९७५ मध्ये १४ खाणावळवाल्यांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचारी चळवळीतील नेते होते. बँकांचे व्यवहार त्या घराला परके नव्हते, ही बाब येथे दुर्लक्षिण्यासारखी नाही. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते आणि १९७२ पासून दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देणारी विभेदक व्याजदर योजना अस्तित्वात होती. योजना होती, पैसा होता. परंतु तारण नसलेली, सही न येणारी बाई बँकेच्या दारात जाण्यास धजत नव्हती आणि गेली तरी तिला कोणी उभे करीत नव्हते. मंडळाने स्त्रियांचे गट केले, एकीसाठी दुसरीने जबाबदारी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज चुलीपर्यंत आणले. अहमदाबादेत ‘सेवा’च्या स्त्रियांनी १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली होती आणि बांगलादेशातील जोब्रा गावचा प्रयोग १९७६ चा आहे. हा कालक्रम ध्यानी घेतला म्हणजे मुंबईच्या या खाणावळवाल्या सूक्ष्म पतपुरवठ्याच्या इतिहासात किती अग्रभागी होत्या, हे स्पष्ट होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने या व्यवसायाचा पायाच हादरविला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले, कित्येक गावी परतले ते परत आलेच नाहीत. गिऱ्हाईक नाहीसे झाल्यावर ज्या स्त्रिया एकट्या होत्या त्या बुडाल्या. ज्या संघटनेत होत्या त्यांना निदान दुसरा मार्ग शोधता आला. कार्यालयांना डबे पुरविणे, समारंभांची जेवणे करणे, तयार खाद्यपदार्थ विकणे अशी कामे मंडळाने घेतली. प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. त्यांच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यातील वस्त्यांत हेच सूत्र पुढे नेले. ‘अन्नपूर्णा परिवारा’च्या कामात कर्जाबरोबर परस्पर साहाय्याचा विमा आणि कष्टकरी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरे यांचाही समावेश झाला. पाळणाघराचा मुद्दा सहज नजरेआड होतो. वास्तविक पाहता स्त्रीला व्यवसायात नेतृत्व करावयाचे तर दुपारी तिचे मूल कोठे असेल, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते.

शाखा आहेत, पण मालक एक नाही

‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उपाहारगृह नव्हे. परंतु एकाच नावाखाली अनेक शाखा कशा चालवाव्यात, याचे फ्रँचायझीहून अगदी निराळे उत्तर तिने दिले आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर ७ स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला. तोट्यात गेलो तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही, असे त्यांनी आरंभीच ठरविले होते. छगनलाल करमसी पारेख यांनी ते पैसे उसने दिले आणि हिशेब चोख ठेवण्याची व दर्जात तडजोड न करण्याची शिस्त लावली. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली स्टोव्ह पेटवावयाचा! मावळच्या पावसाची ज्यांना कल्पना आहे त्यांना या साध्या युक्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

लिज्जतची रचना पाहण्याजोगी आहे. उडीद, मिरी, हिंग यांची खरेदी मध्यवर्ती होते, म्हणून चव सर्वत्र एक राहते. पीठ शाखेत मळले जाते; सभासद भगिनी ते घरी नेऊन लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड परत आणतात व लाटणावळ घेतात. घरी जागा नसलेल्या स्त्रीला पीठ मळणे, वेष्टन करणे अशी कामे शाखेत मिळतात. शाखेचा कारभार संचालिका पाहते, ती सभासदांतूनच पुढे आलेली असते. नफा-तोटा सभासदांत वाटला जातो. पुरुष पगारी नोकर असू शकतो, सभासद होऊ शकत नाही. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही त्याच वर्षी मिळाली. आज सुमारे ४५ हजार स्त्रिया या नावाखाली काम करतात. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र हा विस्तार सरळ झालेला नाही. १९६१ मध्ये मालाड येथे शाखा काढण्याचा प्रयत्न फसला होता. नाव आणि पीठ नेले म्हणजे शाखा उभी राहत नाही, त्या जागी कारभार पेलणारी माणसे लागतात, हे संस्थेला अनुभवाने कळले.

येथे दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. सभासद ही मालक असते, म्हणून ती कामगार नसते. आणि कामगार नसल्याने कामगार कायद्याचे संरक्षण तिला आपोआप मिळत नाही. मानाचे पद आणि निवृत्तिवेतन या दोन भिन्न गोष्टी आहेत. सहमालकीची भलामण करताना हा भेद विसरला जातो.

भोर आणि वेल्हे

भोर हे पंत सचिवांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. भोरला नगरपालिका आहे, बाजारपेठ आहे आणि तालुक्यातून महामार्ग जातो. वेल्हे तालुक्यात मात्र एकही शहर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची अवघी ५४ हजारांच्या आसपास होती. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास मान्यता दिली. जुने नाव लोकांच्या तोंडी अद्याप आहेच. भाटघर, पानशेत, गुंजवणी, नीरा-देवघर या धरणांनी खोऱ्यांतील चांगली भातशेती पाण्याखाली नेली, पाणी खालच्या मुलखाला गेले आणि पुरुष पुण्या-मुंबईस गेले. घर, शेत व गुरे स्त्रियांच्या अंगावर राहिली.

या भागात स्त्रियांच्या संघटनाची परंपरा नवी नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात वेल्हे व लगतच्या खोऱ्यांत स्त्रियांचे बचतगट बांधण्यास आरंभ केला. नाबार्डची बचतगट-बँक जोडणी १९९२ ची, तर राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ चे. याच वर्षी महाराष्ट्राने पंचायतींत स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. परिणामी हिशेबाची वही लिहिणारी, बँकेत जाणारी, ग्रामपंचायतीच्या बैठकीत बसणारी स्त्रियांची एक पिढी येथे तयार आहे. कमतरता आहे ती अंगच्या कौशल्याला गावाबाहेरचे गिऱ्हाईक मिळण्याची.

ते गिऱ्हाईक आता दारात येत आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत राजगड आहे. शेजारचा तोरणा नाही. गुंजवणे, पाली, भुतोंडे या पायथ्याच्या वाटांवरून गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी, ठेचा आणि ताक देणारी घरे पूर्वीपासून आहेत. हा व्यवसाय शनिवार-रविवारचा असतो आणि पावसाळ्यात त्यास भर येतो. परंतु नेमक्या त्याच आठवड्यांत भाताची आवणी असते. बाईने चिखलात उतरावे की चुलीपुढे बसावे, हा प्रश्न बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या आराखड्यात सहसा दिसत नाही. गटाने पाळ्या लावल्या तरच तो सुटतो. एकटीने सुटत नाही. गिरणगावातील महिन्याच्या खड्ड्याप्रमाणे येथे ऋतूचा खड्डा आहे : शिधा आगाऊ भरावा लागतो, दरड कोसळून रस्ता बंद झाला अथवा बंदी आदेश निघाला तर तो पडून राहतो.

अशा वेळी शहरातील एखाद्या प्रसिद्ध साखळीने पायथ्याशी शाखा काढली तर काय होईल? काही स्त्रियांना नियमित पगार मिळेल, स्वच्छतेची शिस्त येईल, कदाचित मालक गावच्या शाळेस संगणकही देईल. हे लाभ खोटे नाहीत आणि त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु जी चव गिऱ्हाईक शोधीत आले ती याच स्त्रियांची आहे. तिचे नाव मात्र दुसऱ्याच्या मालकीचे होईल आणि विक्रीतील टक्केवारी दर महिन्यास घाट उतरून जाईल. संगणकाची देणगी त्या टक्केवारीहून मोठी असते काय, हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

यास पर्याय असू शकतो. केरळात १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ अभियानाने एकाच नावाची उपाहारगृहे काढली. नाव व प्रशिक्षण सामाईक, मात्र प्रत्येक उपाहारगृह तेथील स्त्रियांच्या गटाच्या मालकीचे. हे फ्रँचायझीचेच तंत्र आहे, केवळ मालकीची दिशा उलटी आहे. त्याच अभियानातील स्वस्त भोजनाची ‘जनकीय हॉटेले’ शासनाच्या अनुदानावर चालत होती; २०२३ मध्ये अनुदान थांबल्यावर त्यांना दर वाढवावे लागले. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेतही १० रुपयांच्या थाळीमागे ग्रामीण भागात २५ व शहरी भागात ४० रुपयांचे अनुदान गृहीत धरलेले होते. भुकेल्याला स्वस्त जेवण देणे हे शासनाचे कर्तव्य खरे. परंतु त्या दातृत्वाचा भार स्वयंपाक करणाऱ्या गटाच्या उधारीवर पडू लागला की अन्नदान कोण करीत आहे, हे पुन्हा विचारावे लागते.

कायद्यात मार्ग उपलब्ध आहेत. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. संघाच्या नावे चिन्ह नोंदवून त्याचा वापर सभासदांपुरता राखता येतो. भोर-वेल्ह्यातील गटांचा संघ १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदवून असे चिन्ह घेऊ शकेल, इंद्रायणी तांदूळ व नाचणीचे पीठ एकत्र खरेदी करू शकेल आणि अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी, भांड्यांचा संच, प्रशिक्षण यांचा खर्च वाटून घेऊ शकेल. उपाहारगृहमालकांना खरोखर समाजाला काही द्यावयाचे असेल तर त्यांनी अशा संघास खरेदीची पद्धत, किंमत ठरविण्याची रीत व गिऱ्हाईक सांभाळण्याची कला शिकवावी. ही देणगी छायाचित्रात उठून दिसत नाही, एवढीच तिची उणीव.

राजगड हा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. गडावर काय विकावयाचे याचा निर्णय तेथे होईल. पायथ्याच्या गावठाणातील जागा कोणास द्यावयाची, याचा विचार मात्र ग्रामपंचायतीपुढे येतो. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ही सभा केवळ कागदावर सह्या होऊन पार पडते. पार्किंगलगतच्या दहा-बारा गाळ्यांचे वाटप कोणत्या अटींवर व्हावे, भाडे किती असावे आणि बाहेरच्या नावाची पाटी तेथे लागावी की न लागावी, हे विषय त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यास कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.